मामांच्या शेडमागची झिनफँडेल

दारूच्या दुकानात बाई उभी राहिली की दुकानदार तिच्यापुढे गुलाबी बाटली ठेवतो. हे मी चार दुकानांत पाहिलं, दोन साताऱ्यातल्या आणि दोन सांगलीतल्या. मी तोंड उघडायच्या आधीच बाटली काउंटरवर आलेली असायची. "ही घ्या मॅडम, गोड आहे. लेडीज हीच नेतात." पहिल्या वेळी मी ती निमूट घेतली, कारण नको म्हणायचं तर आणखी दोन वाक्यं बोलावी लागली असती, आणि माझ्या मागे तीन माणसं उभी होती.

त्या बाटलीवरही झिनफँडेल असंच लिहिलं होतं. एकाच काळ्या द्राक्षाच्या दोन तऱ्हा असतात. रस काढून सालं लगेच बाजूला केली की वाइन गुलाबी होते, सालांसकट आंबवली की लाल. मला लाल हवी होती, गोड नसलेली, आणि रोजच्या जेवणाबरोबर घेता येईल अशी. लग्नाच्या वाढदिवसाला उघडतात तसली नको होती. मंगळवारी आमटी-भाताबरोबर एक ग्लास, एवढंच माझं मागणं होतं.

ही चव मला पुण्यात भेटली. शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मी तिथे नोकरीला होते. ऑफिसच्या एका पार्टीत कुणीतरी माझ्या हातात ग्लास दिला आणि मी तो परत केला नाही. अशा ठिकाणी हाताला काही काम असलं की मला बरं वाटतं. अर्धा तास मी तो नुसता धरून उभी होते. मग वास घेतला. आधी करवंदं, मग चिमूटभर मिरी, आणि मागून एक वास आला जो मला पुण्यात येईल असं वाटलं नव्हतं. तासगावच्या बाजूला मामांच्या गावी बेदाण्याची शेड आहे. मार्चमध्ये जाळ्यांवर द्राक्षं सुकत असताना तिथे जो गोडसर, किंचित आंबूस, उन्हाने भाजल्यासारखा वास असतो, तो त्या ग्लासात होता. मी बाटलीवरचं नाव पाहून ठेवलं. पार्टीत तेवढंच केलं आणि घरी गेले.

पुढे साताऱ्याला परत आले. इथे सरबतं, जॅम आणि चटण्या करणारा एक छोटा कारखाना आहे, त्याच्या प्रयोगशाळेत मी काम करते. आलेल्या मालातली साखर मोजायची, आंबटपणा मोजायचा, डबा पास की नापास ते लिहून द्यायचं. मी इंग्रजी शाळेत शिकले, आकडे अजून मनात इंग्रजीतच मोजते. बोलायला मला वेळ लागतो. पण नमुना नापास असेल तर मालकांनाही तोंडावर सांगते. तिथे माझा आवाज कापत नाही, कारण तो आकडा माझा नसतो, नमुन्याचा असतो.

घरी आई, वडील आणि मी. वडील फौजेतून निवृत्त झाले आहेत. कॅन्टीनची रम दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये, त्यांच्या पलटणीच्या ढालीशेजारी असते. रविवारी संध्याकाळी ते गॅलरीत बसून दोन पेग घेतात. त्यांचा ग्लास वेगळा आहे, जाड बुडाचा, काचेचा. तो गॅलरीच्या खिडकीत एका वाटीखाली पालथा असतो. आई तो बाहेरच्या नळावर वेगळ्या घासणीने धुते. स्वयंपाकघरातल्या मांडणीवर तो कधी आलेला मला आठवत नाही. असा नियम कुणी सांगितला नव्हता. आमच्याकडच्या बऱ्याच घरांत हे असंच आहे. पिणाऱ्या माणसाला घरातून कुणी काढत नाही, त्याचा ग्लास तेवढा बाहेर राहतो.

माझी बाटली स्वेटरांच्या ट्रंकेत असायची.

तिथेच मी पहिली मोठी चूक केली. एप्रिलमध्ये सांगलीहून एक लाल झिनफँडेल आणली आणि माळ्यावरच्या त्या ट्रंकेत ठेवून दिली. वर पत्रा. तीन आठवड्यांनी उघडली तर उकळलेल्या चिंचेसारखी लागली. फळाच्या रसाला उष्णता काय करते हे मी दिवसभर लोकांना लिहून देते, आणि स्वतःची बाटली पत्र्याखाली ठेवते. त्या दिवशी मला माझाच राग आला आणि मग मी हे काम नीट करायचं ठरवलं.

अर्धी बाटली मिळत असेल तर आधी अर्धीच घ्यायची. दुकानाच्या काचेत मांडलेली कधी घ्यायची नाही, ती दिवसभर उन्हात उभी असते. खोक्यातली काढून मागायची. वर्ष पाहायचं, दोन-तीन वर्षांहून जुनी नको. दोन माणसांच्या साध्या हॉटेलातल्या जेवणापेक्षा महाग नको. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाल वाइनही प्यायच्या आधी वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायची, मग पुस्तकं काहीही म्हणोत. अशा पाच-सहा बाटल्या झाल्या. एक खोकल्याच्या औषधासारखी होती. एकीला लाकडाचाच वास इतका होता की द्राक्ष सापडेना. एक चांगली होती, पण ती घ्यायची तर महिनाभर बाकी काही घेता आलं नसतं.

चांगली आणि परवडणारी मिळाली ती सांगलीच्या दुकानदारामुळे. आमच्या चटणीत बेदाणा पडतो, म्हणून हंगामात नमुने बघायला मला सांगलीला पाठवतात. स्टँडजवळच्या रस्त्यावर त्यांचं दुकान. साठीचे गृहस्थ, नाकावर चष्मा, समोर पेपर. तिसऱ्या खेपेला मी दिसताच त्यांनी गुलाबीकडे जाणारा हात मागे घेतला.

"तुम्ही गुलाबीवाल्या नव्हे," ते म्हणाले.

"नाही."

"लाल, गोड नको, खोक्यातली."

"हो."

"मी घेत नाही बरं का. एक थेंब नाही. चवीचं मला विचारू नका. पण कोण काय न्यायला परत येतं ते मी बघतो." त्यांनी आतून एक बाटली आणली, फिरकीच्या झाकणाची, साध्या लेबलची. "एक रिटायर मास्तर आहेत, दर पंधरा दिवसांनी येतात. ह्याच्या तिप्पट किमतीची त्यांना परवडते, मुलगा परदेशात आहे. पण नेतात हीच. लोक महागडी एकदा नेतात. परत येतात ते चांगलीसाठी."

ती नाशिककडची होती. त्या आठवड्यात मी ती आईच्या भरल्या वांग्याबरोबर घेतली, माझ्या खोलीत ताट नेऊन. करवंद, मिरी, आणि मामांची शेड. तिखटाला ती घाबरत नव्हती. दुसऱ्या संध्याकाळी उरलेल्या बाटलीतली भडंगाबरोबर घेतली, तेव्हाही तशीच. शोध संपला असं मी मनाशी म्हटलं. तेव्हा मला माहीत नव्हतं की याच द्राक्षाची चौदा झाडं मामांच्या शेडमागे आहेत.

म्हणजे झाडं मला माहीत होती. नाव माहीत नव्हतं.

मामा द्राक्षबागायतदार. गावात ते मण्याच्या फुगवणीसाठी प्रसिद्ध. त्यांचा मणी लोक मुद्दाम हातात घेऊन बघतात. घड लहान असताना त्यातले निम्मे मणी कात्रीने काढायचे, उरलेल्यांना जागा करून द्यायची; मग प्रत्येक घड औषधाच्या मगमध्ये बुडवायचा म्हणजे मणी फुगतो; पाणी मोजून द्यायचं. हे सगळं मामा अजून स्वतःच्या हाताने करतात. मजुरांच्या मागे फिरत त्यांचं ठरलेलं वाक्य असतं, "घड हाय त्यो, गाजर न्हवं. हळू."

मी दुसरीत असताना आमच्याकडे सगळीकडे वाइनच्या द्राक्षांचं वारं आलं होतं. कारखाने निघणार, माल बांधावरून उचलणार. मामांनी एक एकर लावली. पहिला माल धरला तेव्हा मी चौथीत होते. त्या फेब्रुवारीत मावसबहिणीच्या लग्नासाठी आम्ही तिथेच होतो. कारखान्याचा एक साहेब जीपमधून माल बघायला आला. मामांनी नवा शर्ट घातला होता. साहेबाने एक मणी चिरडून रसाचा थेंब साखर मोजायच्या नळीवर टाकला, डोळ्याला लावला आणि म्हणाला, "अठरा. आम्हाला बावीसच्या वर पाहिजे. आणि मणी फार मोठा आहे." मोठा मणी हा दोष म्हणून सांगितलेला मामांनी आयुष्यात ऐकला नव्हता. ते हसले. त्यांना वाटलं, साहेब चेष्टा करतोय. जीप निघून गेल्यावरही ते थोडा वेळ हसऱ्या तोंडानेच उभे होते. ते तोंड मला अजून दिसतं.

त्या मण्यांत बिया. त्याचा बेदाणा कुणी घेईना. शेळ्यांनी खाल्ली ती द्राक्षं. पुढच्या वर्षी मामांनी त्या खोडांवर दुसऱ्या जातीची कलमं केली आणि त्यांचं चांगलंच झालं, आज गावात सगळ्यांत मोठी शेड त्यांची. पण वाइन हा शब्द त्या घरात निघाला की मामा उठून जनावरांकडे जायचे. साहेबाने भाव पाडून मागायला बहाणा केला, असं ते सांगायचे. पंधरा वर्षांहून जास्त झाली, तेच सांगतात.

शेडमागे, पाण्याच्या टाकीला सावली हवी म्हणून, त्यातली चौदा झाडं तशीच राहिली होती.

गेल्या मार्चमध्ये सांगलीचं काम आटोपून मी मामांकडे गेले. ते घर माझ्यासाठी काय आहे ते सांगणं अवघड आहे. मी तिथे बोलते, एवढंच सांगते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मी मामींशी तासभर बोलू शकते आणि नंतर थकवा येत नाही. अशी दुसरी जागा मला नाही.

शेडमागे जमिनीवर फक्कीची पांढरी रेघ मारलेली दिसली. "शेड वाढवायची हाय," मामा म्हणाले. "हंगाम झाला की ती झाडं काढून टाकतो. नुसती पाखरं खात्यात."

मी त्या झाडांपाशी गेले. मामा ऑक्टोबरात हाताच्या सवयीने त्यांनाही कात्री लावतात, पण पुढे काही करत नाहीत. ना विरळणी, ना बुडवणं, ना पाणी. घड वेडेवाकडे होते. एकाच घडात काही मणी काळे, काही अजून लालसर, दोन-चार हिरवे आणि काही वेलीवरच सुकून बेदाणा झालेले. बागेतल्या घडाशेजारी हे ठेवले असते तर मामांनी लाजून टोपलीत लपवले असते. मी एक काळा मणी तोंडात टाकला. लहान, जाड सालीचा. साल चावली आणि मी थांबले. मिरी.

आत येऊन विचारलं, "मामी, ती मागची द्राक्षं कुठली?"

मामींनी आधी मामा कुठे आहेत ते पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "वाइनची. झिनफँडेल म्हनत्यात. त्यांच्याम्होरं इचारू नगंस."

नमुन्यांसाठीची साखर मोजायची नळी माझ्या पिशवीत होतीच. मी परत गेले, एका घडातले काळे, लाल, सुकलेले असे दहा मणी एकत्र चुरडले आणि थेंब टाकला. साडेचोवीस. पुसून पुन्हा केलं. साडेचोवीस.

साताऱ्याच्या एसटीत उंब्रजपर्यंत मी त्या आकड्याचा विचार करत होते. मामांनी जिवापाड सांभाळलेल्या द्राक्षाला अठरा आणि टाकून दिलेल्याला साडेचोवीस. म्हणजे साहेबाने बहाणा केला नव्हता. मामांच्या हातानेच ते झालं होतं. वाइनच्या द्राक्षाला मणी लहान लागतो, तहानलेला लागतो, आणि मामांनी त्याला खाण्याच्या द्राक्षासारखं फुगवलं होतं. हे त्यांना कळायला हवं होतं, हंगाम संपायच्या आत, झाडं जायच्या आत. पण सांगायचं तर दोन गोष्टी सांगाव्या लागणार होत्या. एक, चूक तुमची होती. आणि दुसरी, हे मला कळलं कारण मी पिते. यातल्या एकीने मामा दुखावले असते आणि दुसरीने मी त्या घराच्या उंबऱ्यावरून उठले असते. वडिलांच्या ग्लाससारखी. कुणी काही बोललं नसतं. फक्त पुढच्या वेळी मामी माझ्याशी बाहेरच्या खोलीत बोलल्या असत्या.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा गेले. या वेळी कामाचा बहाणा नव्हता, रजा टाकली होती. सांगलीत उतरून आधी दुकान. "मास्तरांची ना?" दुकानदार म्हणाले आणि खोक्यातून काढून दिली. मी ती टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत उभी ठेवली.

दुपारी पोचले. मामींचा आख्खा मसूर चुलीवर होता, भाकऱ्या चालल्या होत्या. मामा शेडीतून हातपाय धुऊन पाटावर येऊन बसले. जेवणाआधीच केलं नाही तर आपण करणार नाही, हे मला माहीत होतं. मी बाटली काढून त्यांच्यापुढे ठेवली.

मामांनी लेबल वाचलं. इंग्रजी अक्षरं ते बोट ठेवून वाचतात. हे नाव वाचायला त्यांना वेळ लागला नाही. रोपं आणली तेव्हा नर्सरीच्या पावतीवर ते होतं.

"ह्ये कुठनं आणलीस?"

"सांगलीतून."

"कुनासाठनं?"

"माझ्यासाठी. मी पिते मामा."

चुलीपाशी मामींचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागल्याचा वास आला, तेव्हा त्यांनी ती उलटली.

"आवं, जेवू द्या आधी पोरीला," त्या म्हणाल्या.

"थांब जरा." मामा उठले. मला वाटलं, जनावरांकडे गेले. पण ते आतून त्यांची नळी घेऊन आले. प्रत्येक बागायतदाराकडे ती असते, मामांची तर जुनी, पितळेच्या डबीतली. त्यांनी झाकण फिरवलं, बाटलीतली वाइन थोडी तळहातावर घेतली, तिचा थेंब काचेवर टाकला आणि दाराच्या उजेडाकडे तोंड करून उभे राहिले. दुसऱ्या कुणी वास घेतला असता.

"सात," ते म्हणाले. सदऱ्याने काच पुसली, पुन्हा थेंब टाकला. "सातच." आणि मग हसायला लागले, मला चौथीपासून माहीत असलेलं हसू. "आगं, माझी अठरा व्हती. अठरा. ती परत लावली, आन ही सातवाली बाटलीत भरून इकत्यात? तुला फशिवलंय. नुसतं पानी हाय ह्ये."

"मामा, तसं नाही."

"कसं मग?"

मग मला जाणवलं की समोर एक नमुना आहे आणि एक चुकीचा आकडा आहे, आणि हे तर मी रोज करते.

"नळी साखर मोजते," मी म्हणाले. "ह्यात साखर उरलीच नाही. आंबताना तिची दारू झाली. आणि दारू असली की नळी चुकतं दाखवते, त्या सातला काही अर्थ नाही. बघायचं ते तोडणीच्या दिवशी किती होती."

"किती असंल?"

"बावीसच्या वर. चोवीसपर्यंत."

मामा पाटावर बसले. "आन माझी अठरा का राहिली?" हे त्यांनी रागाने विचारलं नाही. फवारणीचं विचारायला कृषी अधिकाऱ्याकडे जातात तसं विचारलं. तेच जास्त अवघड होतं.

"तुम्ही घड बुडवले होते. विरळणी केली होती. पाणी दिलं. मणी फुगला. आणि फुगला तसा आतला रस पातळ झाला. ह्या जातीला ते करायचंच नसतं."

"म्हंजी चूक माझी."

नाही म्हणता आलं असतं. मामींनी माझ्याकडे पाहिलंही, की नाही म्हण.

"हो," मी म्हणाले. "शेडमागच्या झाडांची साखर मी मोजली. त्यांना तुम्ही काहीच केलेलं नाही. साडेचोवीस आहे."

मसूर रटरटत होता. मग मामी भाकरी टोपल्यात टाकत म्हणाल्या, "पंधरा वरसं त्या सायबाला शिव्या घातल्या आवं. मेला कुठं असंल तितं उचक्या देऊन देऊन आडवा झाला असंल."

मामा नळी घेऊन बाहेर गेले. मी मागे गेले नाही. मामींनी मला ताट वाढलं, मसूर, भाकरी, कांदा, आणि शेजारी बसल्या. "खा," एवढंच म्हणाल्या. मी भाकरी मोडली पण तोंडात घास फिरेना. खिडकीतून मामांची पाठ दिसत होती. एका झाडापाशी वाकले, मग दुसऱ्या, मग टाकीपलीकडच्या. नळी उजेडाला लावून बराच वेळ उभे राहिले. चौदाही झाडांची साखर मोजत होते.

ते आले तेव्हा त्यांच्या बोटांना काळा रस लागला होता. पाटावर बसून त्यांनी ताट पुढे ओढलं.

"टाकीकडंची सव्वीस हाय," ते म्हणाले. "तिला तर पानीच पोचत न्हाई."

दोन घास खाल्ले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "लय लाड केले मी त्यांचे."

मामींनी न विचारता तीन स्टीलचे ग्लास आणले आणि बाटलीशेजारी ठेवले. मीच ओतली. दोन बोटं, तिघांना. मामींनी आधी पदराने तोंड पुसलं, मग एक घोट घेतला आणि डोळे मिटून घेतले. "काढा हाय की ह्यो. पर खोकल्याच्या बाटलीपरीस बरा." त्यांनी ग्लास खाली ठेवला, आणि थोड्या वेळाने पुन्हा उचलला.

मामांनी मसुराचा घास खाल्ला आणि त्यावर घोट घेतला. तोंडात धरून ठेवला, द्राक्षाची चव बघताना धरतात तसा.

"तुरट हाय."

"हो."

"आन शेडीचा वास येतुय. आपल्या."

हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. पुण्यापासून कुणालाच सांगितलं नव्हतं. मी ताटाकडे पाहत राहिले आणि मग मला भूक लागली.

"पितीस किती?" त्यांनी विचारलं.

"आठवड्यातून दोनदा. एक ग्लास. जेवताना."

"तुझ्या बापाला ठावं हाय?"

"नाही."

"मग मला का सांगितलंस?"

"तुम्ही झाडं काढणार होता."

मामांनी मान हलवली. पटल्याची की नुसती, ते कळलं नाही. जेवण झाल्यावर ते शेडमागे गेले. मी शेडीतून बेदाणे घेऊन त्यांच्याकडे गेले तेव्हा ते पायाने फक्कीची रेघ पुसत होते, चप्पल घासत घासत, शेवटपर्यंत. "शेड पल्याड वाढवू," ते म्हणाले. "तिकडं वारा बी जास्त हाय." मग माझ्याकडे न बघता, "ती बाटली कितीला मिळती?" मी सांगितलं. ते थांबले. "येवढीच?" त्यांच्या चेहऱ्यावर जरा निराशा होती. त्यांच्या द्राक्षाची वाइन इतकी स्वस्त असावी, हे त्यांना आवडलं नसावं.

"चांगली आहे ती," मी म्हणाले. "मी सहा बघून ही घेतली."

"व्हय व्हय. तू नापास केली असती, ठावं हाय मला."

मी घरात परत आले तेव्हा मामी मोरीपाशी भांडी घासत होत्या. ताटं, पातेलं, तवा, आणि ते तीन ग्लास. मी दारात उभी राहिले. मी लोकांकडे पाहत राहते ही माझी सवय आहे, आणि त्या वेळी मी फक्त त्या ग्लासांकडे पाहत होते. मामींनी त्याच घासणीने ते घासले, त्याच बादलीत विसळले. खिडकीत जागा होती. बाहेरच्या कट्ट्यावरही होती. त्या उठल्या आणि तिन्ही ग्लास मांडणीवर ठेवले, देवाच्या नैवेद्याची वाटी असते त्याच फळीवर, रोजच्या पाण्याच्या ग्लासांच्या रांगेत.

वळल्या तर मी उभी.

"काय बघतीस? वल्ले हायत त्ये, पूस की." त्यांनी खांद्यावरचं फडकं माझ्याकडे फेकलं.

मी आत गेले, सगळी रांग खाली काढली आणि एकेक ग्लास पुसून परत लावला. स्टीलचे, सारखेच, बुडाशी मामांचं नाव कोरलेले. त्यातला माझा कोणता होता ते पुसताना मला ओळखू आलं नाही.